अर्ध्या कोयत्याचं वर्ष

छकुलीचं पहिलं वजन आम्ही कापसाच्या काट्यावर केलं. गावातल्या व्यापाऱ्याच्या काट्यावर आधी आई तिला कडेवर घेऊन उभी राहिली, मग एकटी. वजाबाकी आली ९ किलो २०० ग्रॅम. तारीख होती १९ जून २०२३. छकुलीला तेव्हा पाच वर्षं आणि चार महिने झाले होते. त्या वयाच्या मुलीचं वजन साधारण १८ किलो असतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. बीड जिल्ह्यातल्या धारूर-केज भागात काम करते आणि आठवड्यातले दोन दिवस खेड्यांत घरी जाऊन मुलं बघते. हे एका मुलीचं आणि तिच्या घरच्यांचं जून २०२३ ते जून २०२४ असं एक वर्ष आहे. लिहिलेलं सगळं तिच्या आईवडिलांना वाचून दाखवलं आहे. छकुली हे घरातलं लाडाचं नाव. बाकीची नावं आणि गाव मुद्दाम गाळलं आहे.

घर ऊसतोडीचं. बालाघाटच्या डोंगरात दोन एकर कोरडवाहू, तीही मुरमाड. दसऱ्यानंतर नवराबायको टोळीबरोबर निघतात ते पाडव्याच्या सुमाराला परततात. घरात पासष्टीच्या पुढची आजी आणि नऊ वर्षांचा मोठा मुलगा. नवराबायको मिळून एक कोयता, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. मुकादम, म्हणजे टोळी नेणारा ठेकेदार, उचल (आगाऊ मजुरी) देतो ती जोडीला. एकटा माणूस गेला तर तो अर्धा कोयता.

छकुलीचा जन्मही हंगामातलाच, फेब्रुवारी २०१८ मधला. नववा लागला होता तरी आई मोळ्या बांधत होती. कळा रात्री सुरू झाल्या, वाहन मिळेपर्यंत पहाट झाली. मूल जन्मलं ते बराच वेळ रडलंच नाही. दुसऱ्या दिवशी झटके आले, बारा दिवस पेटीत ठेवावं लागलं. पुढे मान धरेना, मूठ उघडेना, दुधाची गुळणी बाहेर येई. "उशिरा धरंल, काही लेकरं उशिरा धरत्यात," असं म्हणण्यात दोन वर्षं गेली. मग सेरेब्रल पाल्सी हे निदान झालं. चारही हातापायांत ताठरपणा, शिवाय फिट्स.

या आजारात मेंदूला झालेली इजा पुढे वाढत नाही. पण शरीर वाढत राहतं, आणि ताठ स्नायूंच्या ओढीने वाढणारी हाडं आणि सांधे वाकडे होत जातात. अशा मुलांच्या हालचालीची एक ते पाच अशी प्रतवारी जगभर वापरतात, तिला जीएमएफसीएस म्हणतात. छकुली पाचव्या पातळीवर आहे. म्हणजे तिला मान आणि धड स्वतः सावरता येत नाही, एका जागेवरून दुसऱ्या जागी जायचं ते कोणीतरी उचलून नेलं तरच. पहिल्याच भेटीत हे मी घरच्यांना स्पष्ट सांगितलं. ती चालेल असं मी कधीही म्हटलं नाही. वडील उठून बाहेर गेले आणि बराच वेळ बैलाच्या रिकाम्या दावणीपाशी उभे राहिले. आईने विचारलं, "मग तुम्ही कशाला येणार?"

तो प्रश्न रास्त होता, आणि माझं पहिलं उत्तर चुकीचं निघालं. मी कागदावर सात व्यायाम लिहून दिले. दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी पाऊण तास. सोबत चित्रंही काढून दिली. महिन्याने गेले तर कागद देवळीत जसाच्या तसा होता. मी रागावले. मुलीची काळजी नसल्यासारखं काहीतरी बोलूनही गेले. आई शांतपणे म्हणाली, "म्याडम, तुमचं खरंय, पर करू कवा? पाटं चारला उठती मी."

म्हणून ऑगस्टमधल्या एका दिवशी मी पहाटेपासून रात्रीपर्यंत त्यांच्याकडे थांबले. माझ्या शिक्षणात असा दिवस कुठेच नव्हता, असायला हवा होता. त्या वर्षी ऑगस्ट पूर्ण कोरडा गेला. हापशाला पाणी नव्हतं, त्यामुळे आई दोन वेळा विहिरीवर गेली. दिवसभरात तिने छकुलीला ३८ वेळा उचललं: जमिनीवरून, बाजेवरून, न्हाणीतून, उन्हातून सावलीत. चार वेळा भरवलं आणि प्रत्येक वेळी सुमारे तास लागला. म्हणजे चार तास फक्त घास भरवण्यात, आणि त्यातलं निम्मं अन्न ओघळून फडक्यात. या बाईला मी आणखी दीड तास मागत होते.

त्या रात्री मी व्यायामाचा कागद परत घेतला. नवीन काही वाढवायचं नाही, जे ३८ वेळा होतंच आहे ते बदलायचं असं ठरलं.

सुरुवात घासापासून केली, कारण सगळ्यात जास्त धोका तिथे होता. आई पाय पसरून बसे, छकुलीला पायांवर आडवी घेई आणि मान मागे टाकून चमच्याने पातळ दूध-बिस्कीट घशात सोडी. तान्ह्या बाळाला पाजतात तसंच. मान मागे गेली की श्वासनलिकेची वाट उघडी पडते आणि पातळ पदार्थ भसकन छातीत उतरतो. छकुलीच्या छातीत कायम घरघर असे, आणि मागच्या वर्षात तीनदा न्यूमोनियासाठी दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. हे दोन एकच दुखणं आहे, हे घरात कोणी कधी समजावून सांगितलं नव्हतं.

आता तिला भिंतीच्या कोपऱ्यात बसवायचं, पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली. आईने समोर, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर बसायचं, वरून नाही. चमचा उथळ, जिभेच्या मध्यावर हलकासा दाबून काढायचा, अंगठ्याने हनुवटीला आधार. पातळ दूध बंद. वरणात चांगली कुस्करलेली भाकरी, मऊ खिचडी, घट्ट आंबील, त्यात बारीक वाटलेलं शेंगदाण्याचं कूट आणि वरून तेल. अशी मुलं थोडंच खाऊ शकतात, म्हणून त्या थोड्यात जास्तीत जास्त ताकद असली पाहिजे. आमच्या भागात तूप परवडत नाही, पण करडईचं तेल आणि शेंगदाणे घरात असतात. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही.

पहिले आठ दिवस छकुलीने सगळं थुंकलं. आजी चिडली, "लेकराला उपाशी मारायलात काय?" नवव्या-दहाव्या दिवशी ती गिळायला लागली. दिवाळीपर्यंत एका जेवणाला पंचवीस मिनिटं पुरू लागली. घरघर थांबली नाही, पण त्या पावसाळ्यात दवाखाना लागला नाही.

उचलण्याची पद्धतही बदलली. पूर्वी तिला दोन हातांवर आडवी उचलत. तशी उचलली की ती धनुष्यासारखी ताणली जाई आणि पाय कैचीसारखे एकावर एक चढत. आता आधी गुडघे पोटाशी दुमडायचे, मग कडेवर घ्यायचं, एक पाय पुढून आणि एक मागून, आईच्या कमरेला मिठी मारल्यासारखे. आपल्याकडच्या बाया लेकरं अशीच तर कडेवर घेतात. पाय फाकवणारा व्यायाम मी कागदावर वेगळा लिहिला होता. तो या कडेवर घेण्यातच होता, दिवसातून ३८ वेळा.

आजीबद्दल थोडं सांगायला हवं. तिने येरमाळ्याच्या येडेश्वरीला नवस केला होता, वैदूही झाला होता, आणि एक मालिशवाली महिनाभर येऊन मुलीचे पाय जोर लावून ओढून गेली होती. ताठ स्नायू झटक्याने ओढला की तो आणखी आवळतो, मूल दुखून किंचाळतं, आणि ठिसूळ हाड मोडण्याचीही भीती असते. ते थांबवा एवढंच मी सांगितलं. नवसाबद्दल काही बोलले नाही, बोलायचं कारणही नव्हतं. पण छकुलीचं सगळं कळत होतं ते आजीलाच. "ती काय येडी न्हाई. भाईर जायचं आसलं की दाराकडं बगती. नगं आसलं की डोळे मिटती." मी दोन महिने जात होते तरी ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आजीच्या या दोन खुणांवरच आम्ही हो आणि नको पक्कं केलं आणि घरातल्या सगळ्यांना तेच वापरायला लावलं. आजी जात्यावरच्या ओव्या म्हणू लागली की छकुलीच्या मुठी सैल पडत. मग ठरलं, आंघोळीनंतर गरम पाण्याने अंग शेकलेलं असताना, ओवीच्या लयीत, आजीनेच हळूहळू तिचे हात उघडायचे. छकुली घरी असताना न चुकता चालू राहिलेला व्यायाम हा एकच, आणि तो करणारी आजी होती.

कागदपत्रांत सप्टेंबर ते जानेवारी गेले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत, सेरेब्रल पाल्सी त्यात आहे, आणि किमान ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र असेल तर सवलती लागू होतात. छकुलीच्या बाबतीत टक्केवारीचा प्रश्नच नव्हता. अडलं आधारवर. पाच वर्षांनंतर बोटांचे ठसे द्यावे लागतात, आणि हिची मूठ उघडत नाही. एका केंद्रावरून आईला दोनदा परत पाठवलं. ठसे देऊ न शकणाऱ्यांसाठी अपवाद म्हणून नोंद करण्याची सोय आधारच्या नियमांतच आहे, ती तिसऱ्या वेळी दुसऱ्या केंद्रातल्या मुलाने शोधून काढली. मग यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, ९० टक्के, कायमस्वरूपी. त्यावर एसटीत ७५ टक्के सवलत. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट असल्याने आईचाही खर्च कमी झाला. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय या आरोग्य विमा योजनेत नाव घातलं, त्यात वर्षाला एक लाखापर्यंत उपचारांचं संरक्षण मिळतं. तहसीलमधून संजय गांधी निराधार योजनेचे महिना दीड हजार रुपये फेब्रुवारीत सुरू झाले. प्रत्येक खेपेला वडिलांची किंवा आईची एक मजुरी बुडाली. तो आकडा कुठल्याच अर्जात भरायचा नसतो, म्हणून इथे लिहिते: नऊ खेपा.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

मे २०२३ मध्येच, म्हणजे मी त्या घरी जायच्या आधी, जोडीने ८० हजार उचल घेतली होती. त्यातले बरेचसे छकुलीच्या शेवटच्या न्यूमोनियाच्या देण्यात गेले होते. पाऊस पडला नाही, सोयाबीन करपलं. ऑक्टोबरअखेर राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात धारूरही होता. आणि बरोबर त्याच वेळी, पाच वर्षांत प्रथमच, छकुलीचं अंग धरू लागलं होतं.

मी आईला सांगितलं, या हंगामात जाऊ नका. ऊसतोडीच्या फडावर थंडी असते, धूळ असते, कोपीत म्हणजे तिथल्या झोपडीत धूर असतो, दवाखाना लांब. मोठ्या मुलासाठी गावात हंगामी वसतिगृहाची सोय होती, आजीही होती. छकुलीला ठेवून घेईल असं वसतिगृह कुठेच नव्हतं. आजीला ती एकटीने उचलली जात नव्हती. म्हणजे आई तरी राहणार, नाहीतर मुलगी तरी जाणार. आई राहिली. वडील चुलतभावाबरोबर अर्धा कोयता म्हणून गेले. निघताना ट्रॅक्टरजवळ आई मला म्हणाली, "पहिल्यांदाच दिवाळी घरी करायलोत." ती आनंदात होती आणि घाबरलेलीही.

नोव्हेंबर-डिसेंबर हे या वर्षातले सगळ्यात चांगले महिने. गावच्या सुताराने अकराशे रुपयांत कोपऱ्याची खुर्ची करून दिली. मागच्या दोन फळ्या काटकोनात, त्यामुळे खांदे आपोआप पुढे येतात आणि हात समोर राहतात. शिबिरात मिळालेली एक खुर्ची घरात आधीच होती, पण ती दहा वर्षांच्या मुलाच्या मापाची, छकुली तिच्यातून घसरून पट्ट्यात अडकायची. सुताराने मात्र तीनदा येऊन माप घेतलं. जुन्या पँटच्या पायात वाळू भरून, तोंड शिवून दोन लोड केले, ते मांड्यांच्या बाजूला लावायला. सकाळी तासभर आणि दुपारी तासभर ती ओसरीवर बसून शेळी बघायची. शेळी शिंकली की हसायची. डिसेंबरअखेर वजन ११ किलो १००.

याच महिन्यात अंबाजोगाईला नेऊन खुब्यांचा एक्स-रे काढला. तो मी आधीच काढायला लावायला हवा होता. पाचव्या पातळीच्या दहातल्या नऊ मुलांचे खुबे हळूहळू निखळत जातात आणि सुरुवातीला दुखतही नाही, त्यामुळे ते वेळेत कळायला एक्स-रे हा एकच उपाय. मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीबाहेर किती सरकला ते टक्क्यांत मोजतात, ३० च्या पुढे गेलं की हाडांच्या सर्जनला दाखवायचं. छकुलीचा उजवा २२ होता, डावा ३४.

जानेवारीत गणित फिसकटलं. एकट्याच्या तोडीतून जोडीची उचल फिटणार नव्हती. मुकादमाचे फोन सुरू झाले, आधी वडिलांना, मग घरी. त्याच महिन्यात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, टनाला २७३ रुपयांचे ३६६ झाले. घरात हिशोब झाला: आत्ता दोन महिने दोघं राबलो तर बरंच फिटेल, नाहीतर पुढच्या वर्षीच्या उचलीतून कापून जाईल. संक्रांतीनंतर आठवड्याने आईचा फोन आला, "म्याडम, आम्ही जायलोत. छकुलीला घेऊन."

मी खूप वाद घातला. आज त्या फोनची लाज वाटते. मी तिला वजनाचे, खुब्यांचे आकडे ऐकवत होते आणि ती मला ऐंशी हजाराचा आकडा सांगत होती. दोघींचेही आकडे खरे होते. शेवटी ती म्हणाली, "तुम्ही नगं म्हणालात तरी जावं लागतंय. तर मग कसं न्यायचं त्ये सांगा." हे ऐकल्यावर मी गप्प झाले आणि कामाला लागले. फिट्सच्या औषधाचा दोन महिन्यांचा साठा डॉक्टरांकडून लिहून घेतला. त्याची चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घालून दिली, म्हणजे बाटली फुटली तर कुठल्याही सरकारी दवाखान्यात दाखवता येईल. सुताराची खुर्ची ट्रॉलीत बांधली. फिट आली तर काय करायचं ते आजीसकट सगळ्यांकडून तीन-तीनदा करून घेतलं: कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल नाकाला लावायची नाही, मोबाइलवर वेळ बघायची, पाच मिनिटांवर गेली तर थेट दवाखाना.

चौथ्या दिवशी खुर्चीची एक फळी ट्रॉलीच्या हिसक्यांनी निखळली. मला कळलं ते आठ दिवसांनी. मी फोनवर हळहळले तर आई म्हणाली, "तिची सोय केलीय, इडिओ धाडती."

तो व्हिडिओ मी अजून जपून ठेवला आहे. कोपीच्या बाजूला, लिंबाच्या सावलीत, आईने जमिनीत खड्डा खणला होता. साधारण गुडघाभर खोल, मागच्या दोन भिंती कोपऱ्यासारख्या. तळाला पाचट, त्यावर वाकळ. आणि पुढे, जिथे पाय येतात तिथे, मधली माती तिने खणलीच नव्हती. वीतभर रुंदीचा मातीचा उंचवटा तसाच ठेवला होता, त्याच्या दोन बाजूंनी दोन पाय. छकुली त्यात कमरेपर्यंत बसली होती, गुडघे फाकलेले, धड सरळ, हात पुढच्या मातीवर. कारखान्याकडे निघालेल्या बैलगाड्या बघत होती.

पाय एकावर एक चढू नयेत म्हणून महागड्या खुर्च्यांत मध्ये एक गादीचा ठोकळा असतो. सुताराच्या खुर्चीत तो करायचा माझ्याकडून राहून गेला होता. आईला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "कडेवर घेतल्यावर मधी माझी कंबर आसती. खड्ड्यात कंबर कुटून आणू? म्हणून माती ठिवली." चारी बाजूंनी माती असल्याने ती कुठल्याच बाजूला कलत नव्हती. माझ्या सगळ्या लोडांपेक्षा ही बैठक चांगली होती.

हे वाचून फड चांगला असं कोणी म्हणू नये. त्या खड्ड्याभोवती ट्रॅक्टर फिरत होते. आई सरीच्या दुसऱ्या टोकाला असताना लक्ष ठेवायला शेजारच्या कोपीतली आठ वर्षांची पोर होती, जिने स्वतः शाळेत असायला हवं होतं. पहाटेची थंडी होती. रात्री-अपरात्री गाडी भरायला बोलावणं येई. फेब्रुवारीत अशाच एका रात्री वडील गाडी भरायला गेलेले असताना छकुलीला फिट आली. आईने तिला कुशीवर वळवलं, मोबाइलवर वेळ धरली. तीन मिनिटांत थांबली. सकाळी कारण कळलं, दमल्यामुळे सलग दोन दिवस रात्रीचं औषध राहून गेलं होतं. मार्चच्या मध्याला ते परतले तेव्हा वजन १० किलो ४०० होतं. डिसेंबरपेक्षा ७०० ग्रॅम कमी. उचल मात्र जवळजवळ फिटली होती.

परत आल्यावर मुलीपेक्षा मला आईची काळजी वाटली. कंबर इतकी धरली होती की तिला खाली बसून उठता येत नव्हतं. अंगावरून पांढरं जातं म्हणून ती एका खाजगी दवाखान्यात गेली होती. तिथे पाचच मिनिटांत सांगितलं, पिशवी काढून टाक. वय सव्वीस. आमच्या जिल्ह्यात हे नवीन नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने बीडमधल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची माहिती घेतली तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. मी तिला हात धरून सरकारी रुग्णालयात नेलं. जंतुसंसर्ग होता, गोळ्यांनी बरा झाला. कंबरेचं कारण वेगळं होतं. दहा-अकरा किलोचं ताठ मूल जमिनीवरून दिवसाला चाळीस वेळा, त्यात दोन महिने डोक्यावर मोळ्या.

हेसुद्धा मी जूनमध्येच बघायला हवं होतं. माझ्या फाइलमध्ये मुलीच्या प्रत्येक सांध्याचं माप होतं आणि आईबद्दल एक ओळही नव्हती. आता छकुलीची सगळी कामं जमिनीवरून बाजेवर आणली. बाजेखाली विटा घालून ती आईच्या कमरेएवढी उंच केली. आंघोळही एका उंच फळीवर. पाडव्यानंतर वडील घरी होते, त्यांच्यावर सकाळ-संध्याकाळचं उचलणं टाकलं. सुरुवातीला ते लाजले. मग एक दिवस मी गेले तर ते छकुलीला कडेवर घेऊन पारावर बसले होते. सहा वर्षांत गावाने ते प्रथमच पाहिलं, असं आजी म्हणाली.

जूनमध्ये पुन्हा एक्स-रे काढला. उजवा २४, डावा ४१. एवढं सगळं करूनही खुबा सरकला. यात आईचा दोष नाही, खड्ड्याचा तर मुळीच नाही, हे मी तिला दोनदा सांगितलं. ताठरपणा आणि वाढ यांच्या ओढीपुढे नुसतं बसवणं पुरत नाही. सर्जनने मांडीच्या आतल्या बाजूचे ताठ स्नायू सैल करण्याचं ऑपरेशन सुचवलं आहे. ते ऑगस्टमध्ये करायचं ठरतं आहे, म्हणजे पाय फाकवून ठेवायचे आठवडे दसऱ्याच्या आत संपतील. तारीख आम्ही पंचांगावरून काढली नाही, टोळी कधी निघते त्यावरून काढली. वजन ११ किलो ६०० झालं आहे. भूल देणारे डॉक्टर म्हणतात, अजून थोडं वाढवा.

१५ जून २०२४ ला जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या पटावर छकुलीचं नाव लागलं. ती रोज जाणार नाही. विशेष शिक्षक घरी येतील, आठवड्यातून एक दिवस वडील तिला शाळेत नेतील. हजेरीत नाव आलं की ती हसते म्हणे. भाऊ सांगतो.

पुढच्या हंगामाचं अजून ठरलेलं नाही. या मेमध्ये त्यांनी जोडीची उचल घेतली नाही. मुकादम दोनदा येऊन गेला. आई राहिली तर उत्तम, हे आता घरात सगळ्यांनाच पटलं आहे, पण पाऊस कसा पडतो त्यावर आहे. मागच्या आठवड्यात मी निघत होते तेव्हा वडील ओसरीवरून उतरून माझ्यामागे गाडीपर्यंत आले.

"म्याडम, जावंच लागलं तर औंदा खड्डा किती खोल खणायचा? ती वाढायलीय."

मी पिशवीतून टेप काढली आणि आम्ही परत आत गेलो. आसनापासून काखेपर्यंत ३१ सेंटिमीटर. कमरेपासून गुडघ्यापर्यंत २७. दोन गुडघ्यांमधलं अंतर ऑपरेशननंतर पुन्हा मोजावं लागेल, म्हणून मातीच्या उंचवट्याची रुंदी तेवढी कागदावर मोकळी सोडली आहे.